शिक्का नसलेलं ड्रॉइंग

रद्दकाकांना हे नाव नेमकं कुणी ठेवलं यावर ऑफिसात दोन मतं होती, पण नाव शोभतं यावर कुणाचं दुमत नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी ते आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघ ओढायची आणि चुकली तर ब्लेडने खरवडायची, असा कारभार होता. नवीन प्रत साइटवर गेली की जुनी परत मागवायची आणि तिच्यावर लाल शाईचा शिक्का मारायचा : रद्द. हे काम सगळ्यांनाच करायचं असे, पण करायचे फक्त हे एकटे. जुनी प्रत हातात पडल्याशिवाय नवी देत नसत. बड्या बड्या ठेकेदारांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. एकाने चिडून विचारलं, काय हो, मी काय कागद खाणार आहे का? काका म्हणाले, खाल्लात तर बरंच, पण बांधू नका.

मग कॉम्प्युटर आले. काकांची आता सुट्टी, असं ऑफिसने मनाशी धरलं होतं. काका कॉम्प्युटर शिकले. वेगात मात्र ते नव्या पोरांच्या मागे पडले हे खरं, आणि म्हणून त्यांच्याकडे हळूहळू एक असं काम आलं, जे दुसऱ्या कुणालाच नको होतं. तयार झालेली ड्रॉइंगं बाहेर पाठवायची. मालकाला, इंजिनियरला, ठेकेदाराला. बटण दाबलं की गेलं, यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी काकांच्या शेजारी एक दिवस बसून बघायचं होतं.

मालकाला जायची ती फक्त बघायची प्रत, तिच्यात रेघ हलवता येत नसे. मूळ फाइल, जिच्यात बदल करता येतात, ती एका इंजिनियरलाच, आणि तीही दोनदा विचारून. ठेकेदाराची लिंक पंधरा दिवसांनी आपोआप बंद. प्रत्येक पानावर आडवं, फिकट करड्या अक्षरांत, ज्याला पाठवलं त्याचं नाव. म्हणजे पान भलत्या हातात सापडलं तर कुणाच्या खिशातून पडलं ते कळावं. पासवर्ड कधीही त्याच मेलमध्ये नाही. तो फोनवर, आणि ज्याचा त्यालाच. ठेकेदाराच्या मेहुण्याने फोन उचलला तर काका म्हणायचे, तुम्ही चांगले गृहस्थ दिसता, पण दाजींना द्या. नव्या पोरांना हे सगळं म्हणजे ताकही फुंकून पिणं वाटे. काकांचं म्हणणं सरळ होतं. घराचं ड्रॉइंग म्हणजे घरातली माणसं कुठे झोपतात, मागचं दार कुठे उघडतं, कपाट कुठल्या भिंतीत आहे, हे सगळं. हे आपण रस्त्यावर उभं राहून कुणाला सांगू का? मग पाठवताना तरी का सांगायचं?

आणि शेवटी फोन. ड्रॉइंग पोचलं की काका फोन करत आणि समोरच्याला कोपऱ्यातली चौकट वाचायला लावत. तारीख आणि रिव्हिजनचं अक्षर. ए, बी, सी, जे असेल ते. मोठमोठी माणसं शाळेत पाढे म्हणून दाखवल्यासारखी अक्षर वाचून दाखवायची आणि मगच सुटायची. जुन्या रिव्हिजनवर काका आता कॉम्प्युटरमधूनच लाल, आडवा, पानभर शब्द टाकत. शब्द तोच. नोकरीचं पहिलं वर्ष सोडलं तर त्यांच्या हातून एकही जुनं ड्रॉइंग शिक्क्याविना बाहेर राहिलं नव्हतं, आणि याचा त्यांना, कबूल करत नसले तरी, चांगलाच गर्व होता.

या कडकपणाचं मूळ एका जिन्यात होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काकांनी जुनी प्रत परत घेतली नाही आणि गवंड्याने तीच लावून जिना बांधला. वरची तुळई चार इंच खाली आली. घराचा मालक ताडमाड उंच. बऱ्याच वर्षांनी काका त्या घरी गेले, तर तो गृहस्थ त्यांना जिन्यावरून वर नेताना बरोबर त्या जागी सवयीने मान वाकवून गेला. वर पोचल्यावर कपाळावरची जुनी खूण दाखवून हसलासुद्धा. तो हसला म्हणूनच काकांना जास्त लागलं. आपण एक रेघ चुकतो आणि दुसरा माणूस जन्मभर वाकून चालतो, हे त्यांनी त्या दिवशी घरी येऊन काकूंना सांगितलं.

काकूंनी या सगळ्याशी संसार केला हे विसरून चालणार नाही. त्यांच्या घरात किराण्याच्या यादीवरही तारीख असे, आणि यादीत साखर वाढवली की यादी ‘बी’ होई. काकू दोन्ही मुलींना सांगायच्या, तुमच्या वडिलांनी मलासुद्धा बघायला आले तेव्हा तारीख वार विचारून घेतला होता, उगाच जुनी मुलगी पदरात पडायला नको म्हणून. काका यावर हसत आणि यादी घडी करून खिशात ठेवत.

तर अशा या माणसाकडे चष्म्याच्या दुकानाचं एक जोडपं घर बांधायला आलं. नवरा चष्म्याच्या काचा घासून बसवायचा, बायको डोळे तपासायची. बाई बोलायला मोकळ्या, नवरा मुखदुर्बळ. सोबत त्यांची सहा वर्षांची मुलगी. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, घरात सगळे ठकू म्हणत. मोठी माणसं आत मॅडमपाशी बसली, की ठकू बाहेर काकांच्या टेबलाखाली मांडी ठोकून चित्रं काढायची. या मॅडम म्हणजे ऑफिस ज्यांनी सुरू केलं त्या साहेबांची मुलगी. तीही लहानपणी याच टेबलाखाली बसली होती, त्यामुळे काकांना टेबलाखाली कुणीतरी असण्याची सवय होती.

ठकूने एकदा खालूनच विचारलं, माझ्या खोलीतून बाहेरचं दिसेल का? काका म्हणाले, खिडकी आहे की. ती म्हणाली, पण मी खाली बसते. हा मुद्दा बिनतोड होता. काकांनी टेप काढली, ठकूला ताठ बसायला सांगितलं आणि जमिनीपासून हनुवटीपर्यंत माप घेतलं. दीड फूट. मॅडमना जाऊन सांगितलं, खिडकी दीड फुटावर घेऊ, बाहेरून गज देऊ, म्हणजे पोर आत बसून रस्ता बघेल. मॅडमना कल्पना आवडली. मग ठकूचं दुसरं मागणं आलं. ड्रॉइंगवर त्या खोलीत ‘मुलांची खोली’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, मुलं कुठली? मी एकटीच तर आहे. काकांनी ते पुसून ‘ठकूची खोली’ असं टाइप केलं. ही झाली रिव्हिजन सी. ती सगळ्यांना गेली, आणि इंजिनियरनेसुद्धा फोनवर अक्षर वाचून दाखवल्यावर विचारलं, काका, ही ठकू कोण?

पाया भरायच्या आधीच ठकू गेली. तापाचं निमित्त झालं. आठ दिवस दवाखान्यात होती, नवव्या दिवशी नव्हती. काका आणि काकू भेटायला गेले, तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि बाई आलेल्या माणसांना पाणी देत होत्या. निघताना चपला घालता घालता काका म्हणाले, काही लागलं तर सांगा. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, असं म्हणू नये हो, त्यांना जे लागणार आहे ते आपल्याला देता येतंय का? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

काम वर्षभर थांबलं. मग एक दिवस दोघं आले. राहतं घर सोडायचं होतं, तिथे बाईंना श्वास घेववत नव्हता. नवं घर बांधायचंच, पण त्यातली ती खोली नको. हे बाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, ती खोली बंद ठेवून रोज तिच्यासमोरून जायला मला जमणार नाही, आणि उघडी ठेवून तर नाहीच. नवऱ्याने मान हलवली. मॅडमनी चार दिवसांत ड्रॉइंग बदललं. खोलीच्या जागी आता गच्चीचा जिना आला, खिडकी गेली, अक्षरं गेली. रिव्हिजन डी.

काकांनी डी पाठवलं, फोन केले, सगळ्यांकडून अक्षर वाचून घेतलं. बाईंनीही ‘डी’ असं व्यवस्थित वाचून दाखवलं. मग फोन ठेवायच्या आधी थांबल्या आणि म्हणाल्या, “काका, ते जुनं मला मिळेल का? नुसतं ठेवायला. कुणाला दाखवणार नाही.”

जुनं ड्रॉइंग द्यायचं नाही असा काही नियम नव्हता. रद्दचा शिक्का मारून खुशाल द्यावं. काकांनी सी उघडलं, बाईंचं नाव फिकट अक्षरांत आडवं टाकलं आणि लाल शब्द ओढून पानावर आणला. तो शब्द पानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाई. त्यांनी तो सोडला आणि तो बरोबर ‘ठकूची खोली’वर पडला.

त्यांनी तो बाजूला घेतला. लहान केला. खाली नेला, वर नेला. कुठेही ठेवला तरी पानावर दोनच गोष्टी दिसत होत्या, ते नाव आणि तो शब्द. टेबलाखालून कुणीतरी वर बघतंय असं त्यांना वाटलं, हे त्यांनी पुढे फक्त काकूंना सांगितलं. काका अर्धा तास तसेच बसून राहिले. मग त्यांनी शिक्का काढून टाकला आणि ड्रॉइंग तसंच पाठवून दिलं. एक आई मुलीचं नाव बघायला मागतेय, त्यावर रद्द लिहून पाठवणारा मी कोण, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याचाही हात धजला नसता. पण बाकीच्यांचं नाव रद्दकाका नव्हतं.

पाच-सहा महिने गेले. खालचा मजला झाला, वरचा स्लॅब ओतून झाला. एव्हाना काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. तो ओळखला बाईंनीच, दुकानात चष्म्याचा नंबर तपासताना. त्यांनीच दम देऊन काकांना ऑपरेशनला पाठवलं. एक आठवडा स्क्रीन बघायची नाही, फोन काकूंकडे, असा डॉक्टरांचा हुकूम. काका निघण्यापूर्वी शेजारच्या पोराला सगळं समजावून गेले होते. पोराने मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

ठेकेदाराला वरच्या मजल्याच्या भिंती सुरू करायच्या होत्या. डीच्या वरच्या मजल्याच्या पानावरचं अक्षर त्याने फोनवर वाचून दाखवलं होतं, पान छापून मात्र घेतलं नव्हतं, आणि लिंक कधीच बंद झाली होती. ऑफिसात फोन लावला तर पोराने संध्याकाळी पाठवतो म्हटलं आणि विसरला. गवंडी हात बांधून बसलेले. ठेकेदाराने सरळ बाईंना फोन लावला, घराचं वरच्या मजल्याचं ड्रॉइंग असेल तर पाठवा. बाईंनी पाठवलं. ठेकेदाराने कोपऱ्यातलं अक्षर बघितलं नाही. बघायची त्याला सवयच नव्हती, ते काम वर्षानुवर्षं काकांच्या फोनने त्याच्याकडून करून घेतलं होतं. त्याने बघितलं ते एकच : पानावर लाल शब्द नाही. काकांचा रद्द नाही, म्हणजे हेच चालू. या माणसाच्या सावधपणावर सगळ्यांनी इतका भार टाकला होता, की त्याची एक सूट कुणाच्या ध्यानातच आली नसती.

पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. काकूंनी काकांच्या कानाला लावला. ठेकेदार खुशीत होता, ठकूचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणाला, काका, डोळा बरा झाला की आधी इकडे या, ती तुमची बुटकी खिडकी काय झकास साधली आहे पोरांनी, भिंती कालच पुऱ्या झाल्या.

काका उठून बसले. कसली खिडकी, त्यांनी विचारलं. मग, उत्तर यायच्या आत, म्हणाले, “कोपऱ्यातलं अक्षर वाच.”

कागद उलगडल्याचा आवाज आला.

“सी,” ठेकेदार म्हणाला. “पण काका, याच्यावर तुमचा शिक्का नाहीये.”

काकांनी आडवं नाव वाचायला सांगितलं. ठेकेदाराने बाईंचं नाव वाचलं. एवढ्यात ठेकेदार म्हणाला की त्याने सकाळी बाईंनाही फोन केलाय, बघून जा म्हणून, त्या निघाल्यासुद्धा असतील.

काकांनी आधी बाईंच्या नवऱ्याला फोन केला. जे झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, चूक माझी आहे हेही. तो गृहस्थ एवढंच म्हणाला, तिने बघायच्या आत पाडा. दुसरं काही नको. तिने बघितलं तर ती पुन्हा तिथेच जाऊन पोचेल. मी दुकान बंद करून येतो. फोन ठेवायच्या आतच शटर ओढल्याचा आवाज आला.

मग मॅडमना. मॅडम नेहमी काकांशी अदबीने बोलायच्या, तशाच बोलल्या. काका, तुमच्याकडून? शिक्का का नव्हता? काका म्हणाले, हात झाला नाही. मॅडमनी पुढे विचारलं नाही. कुठल्या ठिकाणी हात झाला नाही हे त्यांना कळलं असावं. शेवटी म्हणाल्या की काका, यापुढे काहीही बाहेर जाण्याआधी मला एकदा दाखवत चला. बोलणं अगदी सौम्य होतं. बत्तीस वर्षांत हे वाक्य काकांना कुणी ऐकवलं नव्हतं, आणि त्यांना ते पूर्णपणे रास्त वाटलं. तेच जास्त झोंबलं.

काकूंनी जाऊ नका म्हणून पाहिलं. मग स्वतःच पायात चपला घातल्या. काळा चष्मा लावलेला नवरा आणि त्याचा दंड धरलेली बायको, असे दोघे बसने साइटवर गेले. दार नसलेल्या दारातून आत शिरले तेव्हा खालच्या मजल्यावर ठेकेदार कावराबावरा होऊन उभा होता, आणि एक गवंडी मोठा हातोडा जमिनीला टेकवून जिन्यापाशी थांबला होता. पाडायचा निरोप त्यांना मिळाला होता. पण पाडता येत नव्हतं. बाई वर होत्या. वीस मिनिटं झाली, आवाज नाही, ठेकेदार हळू आवाजात म्हणाला. काकूंनी काकांचा दंड सोडला आणि त्या खालीच थांबल्या.

काका कठडा नसलेल्या जिन्यावरून, एका डोळ्याने पायऱ्या मोजत, वर गेले. खोली जशी काढली होती तशीच उभी राहिली होती. विटांचा, ओल्या सिमेंटचा वास. बाई जमिनीवर, भिंतीला टेकून, खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे बघितलं आणि आधी विचारलं, औषध घालताय ना वेळच्या वेळी? काका हो म्हणाले. मग तेही विटांच्या ढिगावर बसले.

“माझी चूक झाली,” काका म्हणाले. “शिक्का मारून पाठवायला हवं होतं.”

“मारला असतात तर मी एकदा उघडून बंद केलं असतं,” बाई म्हणाल्या. “नव्हता म्हणून रोज उघडत होते. आणि ठेकेदाराचा फोन आला तेव्हा... मला कळलं होतं का कुठलं पाठवतेय ते, हे विचारू नका. यांनीही विचारू नये. मी स्वतःलाही विचारून बघितलं. त्यांनी घराचं ड्रॉइंग मागितलं, आणि माझ्या लेखी घराचं ड्रॉइंग हेच होतं. दुसरं मी उघडलंच नव्हतं कधी, अक्षर वाचून दाखवलं तेवढंच.”

खालून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. बाईंनी खिडकीच्या खालच्या विटेवर हात ठेवला. तिची हनुवटी इथे आली असती, त्या म्हणाल्या.

काकांनी हो म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणीही हो म्हटलं असतं. पण जन्मभर मापं घेतलेल्या माणसाच्या तोंडून जे खरं होतं तेच निघून गेलं.

“आता नसती आली,” ते म्हणाले. “दीड वर्ष झालं. दोन-अडीच इंच वाढली असती. हनुवटी टेकवायला वाकावं लागलं असतं तिला.”

बोलून झाल्यावर त्यांना आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हात विटेवरून वर उचलला, हवेत दोन-अडीच इंचांवर धरला, आणि त्या हाताकडे बघत बघत त्यांना रडू कोसळलं. दवाखान्यात नाही, घरी नाही, आल्या-गेल्यांना पाणी देताना नाही. ते सगळं तेव्हा राहून गेलेलं रडू आत्ता आलं. काका बसून राहिले. डॉक्टरांनी डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं. ते काही पाळता आलं नाही. शिक्क्यानंतर हे मापाचं बोलणं, ही आपल्या हातून झालेली दुसरी चूक या बाईंच्या जन्मभर लक्षात राहणार, असं त्यांना वाटत होतं, आणि ती चूक होती की नव्हती हे मात्र ठरवता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाईंनी पदराने तोंड पुसलं. नवरा येऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होता, तो आत येत नव्हता. त्याच्यामागे हातोडेवाला गवंडी. गवंड्याने अडखळत विचारलं, पाडायचं का? नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने काकांकडे.

“काका, तुम्ही सांगा,” बाई हळूच म्हणाल्या. “यांच्याच्यानं होणार नाही. आणि मी सांगितलं तर आईनं सांगितल्यासारखं होईल.”

काका उठले. पाडा, एवढंच म्हणायचं होतं. बत्तीस वर्षं हेच तर ते करत आले होते. पण शब्द निघाला तो इतका बारीक की गवंड्याने पुन्हा विचारलं, आणि त्यांना तो पुन्हा, मोठ्याने म्हणावा लागला.

बाई नवऱ्याचा हात धरून दोन पायऱ्या उतरल्या, आणि तिथेच पाठ करून उभ्या राहिल्या. गवंड्याने कुठून सुरू करू असं विचारलं. काका म्हणाले, खिडकीच्या वरून. ती बाजू शेवटी बांधलेली होती, सिमेंटने अजून नीट धरलं नव्हतं. गवंड्याने हातोडा उचललाच नाही. पहिली वीट हातानेच निघून आली.